भूमध्य समुद्र : जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणाविषयीचा करार आणि त्याची सुधारणा

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील राष्ट्रांनी १७ मे १९८० रोजी ग्रीसची राजधानी अथेन्स येथे एक पूरक करार संमत केला. जमिनीवरून समुद्रात येणाऱ्या प्रदूषणाला आळा घालणे, हा त्याचा एकमेव विषय होता. १७ जून १९८३ रोजी तो अमलात आला. पुढे ७ मार्च १९९६ रोजी इटलीतील सिराक्यूज येथे त्यात मूलगामी सुधारणा करण्यात आल्या. या सुधारणा प्रत्यक्ष अमलात येण्यासाठी मात्र ११ मे २००८ पर्यंत वाट पाहावी लागली. अनेक देशांच्या सामायिक समुद्राविषयीचे करार कशासाठी बदलावे लागतात आणि बदलल्याने नेमके काय साध्य होते, हे समजून घेण्यासाठी या कराराचा इतिहास उपयुक्त आहे.

चहूबाजूंनी वेढलेला समुद्र

भूमध्य समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर आहे. युरोप, आफ्रिका आणि आशिया या तीन खंडांनी तो वेढलेला असून महासागराशी त्याचा नैसर्गिक संबंध केवळ जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून येतो. ही सामुद्रधुनी सर्वांत चिंचोळ्या ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे भूमध्य समुद्रातील पाणी पूर्णपणे बदलण्यास ८० ते १०० वर्षे लागतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. खुल्या महासागराच्या किनाऱ्यावर सोडलेली घाण लाटा आणि प्रवाह दूर वाहून नेतात, निदान तसा समज तरी करून घेता येतो. भूमध्य समुद्राच्या बाबतीत तशी सोय नाही. एका देशाने सोडलेला पारा किंवा कॅडमियम कित्येक पिढ्या सर्वांच्याच पाण्यात राहतो.

जगभरच्या सागरी प्रदूषणापैकी सुमारे ८० टक्के प्रदूषण जमिनीवरून येते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेलवाहू जहाजाचा अपघात झाला की त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. शहरांचा मैला, कारखान्यांचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते यांची बातमी होत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याची वाटचालही काहीशी याच क्रमाने झाली. जहाजांवरून होणाऱ्या प्रदूषणाविषयी जागतिक पातळीवर बंधनकारक नियम आहेत. जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणाविषयी असा स्वतंत्र जागतिक करार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या कराराचे २०७ वे कलम या विषयावर आहे. प्रत्येक राष्ट्राने कायदे करावेत आणि ते करताना आंतरराष्ट्रीय मानके विचारात घ्यावीत, एवढेच ते सांगते. कारण उघड आहे. जहाज समुद्रात असते, तर कारखाना, शहर आणि शेत राष्ट्राच्या सार्वभौम भूमीवर असते. तेथे परक्या देशाने लक्ष घालावे हे कोणत्याही सरकारला रुचत नाही. म्हणूनच हा प्रश्न मुख्यतः प्रादेशिक करारांवर सोपविला गेला.

बार्सिलोनाची सुरुवात

सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी भूमध्य समुद्राच्या स्थितीविषयी चिंता वाढू लागली होती. १९७३ च्या उन्हाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात पटकीची साथ पसरली आणि तिचा संबंध कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या शिंपल्यांशी जोडण्यात आला. पर्यटन आणि मासेमारी यांवर उपजीविका असणाऱ्या किनाऱ्यासाठी ही गंभीर सूचना होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९७४ मध्ये प्रादेशिक सागर कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात भूमध्य समुद्राला पहिले स्थान दिले. फेब्रुवारी १९७५ मध्ये बार्सिलोना येथे १६ राष्ट्रांनी भूमध्य कृती आराखडा स्वीकारला. १६ फेब्रुवारी १९७६ रोजी त्याच शहरात भूमध्य समुद्राच्या संरक्षणाचा मूळ करार संमत झाला. १२ फेब्रुवारी १९७८ पासून तो लागू झाला.

त्या काळाचा राजकीय नकाशा डोळ्यांसमोर आणला, तर ही घटना लहान नव्हती. अरब-इस्रायल युद्धाला तीन वर्षेही झाली नव्हती. सायप्रसवरून ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात कमालीचा तणाव होता. तरीही ही सर्व राष्ट्रे समुद्राच्या पाण्याविषयी एका मेजाभोवती बसली. केवळ अल्बानिया दीर्घकाळ बाहेर राहिला. आज किनाऱ्यावरील २१ राष्ट्रे आणि युरोपीय संघ असे एकूण २२ सदस्य या करारात आहेत.

मूळ करार हा सर्वसाधारण स्वरूपाचा होता. जहाजांतून टाकला जाणारा कचरा, तेलगळती, जमिनीवरील प्रदूषण अशा प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र प्रोटोकॉल, म्हणजेच पूरक करार करावयाचा, अशी त्याची रचना ठेवण्यात आली. पहिले दोन पूरक करार मूळ कराराबरोबरच झाले. जमिनीवरील प्रदूषणाच्या पूरक कराराला आणखी चार वर्षे लागली.

या विलंबाचे कारण आर्थिक होते. फ्रान्स, इटली आणि स्पेन यांचे उद्योग आधीच उभे होते. ऱ्होन, पो, एब्रो या नद्यांमधून त्यांचे सांडपाणी समुद्रात येत होते. दक्षिण किनाऱ्यावरील नवस्वतंत्र राष्ट्रांचे औद्योगिकीकरण मात्र नुकतेच सुरू झाले होते. प्रदूषण मुख्यतः इतरांनी करावे आणि निर्बंध मात्र आपल्या भावी कारखान्यांवर यावेत, हे त्यांना मान्य नव्हते. दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या अनेक संस्थांनी मिळून नद्या आणि किनाऱ्यांवरून किती प्रदूषक द्रव्ये समुद्रात येतात याचा अभ्यास केला. मेडपोल या संशोधन कार्यक्रमामुळे दोन्ही किनाऱ्यांवरील प्रयोगशाळा एकत्र काम करू लागल्या. आपल्या सरकारांना परिस्थितीची जाणीव करून देण्यात या शास्त्रज्ञांचा वाटा मोठा होता, असे निरीक्षण अमेरिकी अभ्यासक पीटर हास यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. अखेर संमत झालेल्या पूरक कराराच्या प्रास्ताविकातच किनारी राष्ट्रांच्या विकासातील तफावतीची आणि विकसनशील राष्ट्रांच्या सामाजिक व आर्थिक गरजांची दखल घेण्यात आली.

दोन याद्यांचा करार

१९८० च्या पूरक कराराचा गाभा दोन याद्यांचा होता. पहिल्या परिशिष्टात सर्वाधिक घातक पदार्थ होते : पारा, कॅडमियम, क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे, वापरलेली वंगणतेले, कर्करोगकारक आणि किरणोत्सारी पदार्थ. त्यांपासून होणारे प्रदूषण संपुष्टात आणण्याचे बंधन सदस्यांवर होते. दुसऱ्या परिशिष्टातील जस्त, तांबे, शिसे, सायनाइड, रोगजंतू, पाण्यातील शेवाळ वाढविणारी पोषक द्रव्ये इत्यादींचे प्रदूषण काटेकोरपणे मर्यादित करावयाचे होते आणि ती समुद्रात सोडण्यासाठी राष्ट्रीय अधिकाऱ्यांचा परवाना अनिवार्य करण्यात आला होता.

ही पद्धत त्या काळाला धरूनच होती. पश्चिम युरोपातील राष्ट्रांनी ईशान्य अटलांटिकसाठी १९७४ मध्ये पॅरिस येथे केलेल्या करारातही अशाच याद्या होत्या. अनुभवाने मात्र तिच्या मर्यादा स्पष्ट झाल्या. पदार्थ यादीत असला तरी तो कधीपर्यंत आणि किती कमी करावयाचा, हे यादी सांगत नाही. शिवाय एकाच नळातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात दोन्ही याद्यांतील डझनभर पदार्थ एकत्र असतात.

त्याहून मोठी अडचण भौगोलिक होती. नदीच्या मुखापासून आत 'गोड्या पाण्याच्या मर्यादे'पर्यंतच या कराराचे क्षेत्र होते. ओहोटीच्या वेळी आणि नदीला पाणी कमी असताना जेथे समुद्राच्या पाण्यामुळे खारटपणा लक्षणीय वाढलेला आढळतो, ते स्थान म्हणजे ही मर्यादा. कोकणात खाडीकाठी राहणाऱ्यांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. खारे पाणी नदीत कोठवर चढते हे तेथे प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्या रेषेच्या वर, नदीकाठी दोनशे किलोमीटर आत असलेला कारखाना किंवा शहर कराराच्या थेट कक्षेत येत नव्हते. त्यांची घाण मात्र समुद्रातच येत होती.

सिराक्यूज येथील बदल

१९९२ च्या रिओ परिषदेनंतर जुने करार नव्याने तपासण्याची लाट आली. बाल्टिक समुद्राचा १९७४ चा करार १९९२ मध्ये नव्याने लिहिण्यात आला. भूमध्य समुद्राचा मूळ करार १० जून १९९५ रोजी सुधारण्यात आला. त्याच्या नावातील 'प्रदूषणापासून संरक्षण' या शब्दांच्या जागी 'सागरी पर्यावरण आणि किनारी प्रदेश यांचे संरक्षण' असे शब्द आले. नोव्हेंबर १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे शंभरहून अधिक सरकारांनी जमिनीवरील कृतींपासून सागरी पर्यावरणाचे रक्षण करण्याचा जागतिक कार्यक्रम स्वीकारला. तो बंधनकारक नव्हता. तरीही भूमध्य राष्ट्रांना त्यातून दिशा मिळाली आणि चार महिन्यांतच सिराक्यूज येथे त्यांनी आपला पूरक करार सुधारला.

सर्वप्रथम नाव बदलले. 'जमिनीवरील स्रोत' याऐवजी 'जमिनीवरील स्रोत आणि कृती' असा उल्लेख आला. हा फरक केवळ शब्दांचा नाही. स्रोत म्हटले की नळ, गटार किंवा नदीचे मुख डोळ्यांपुढे येते. कृती म्हटले की शेती, खाणकाम, पर्यटन, मत्स्यपालन, कचरा व्यवस्थापन असे संपूर्ण व्यवसाय कक्षेत येतात. नव्या पहिल्या परिशिष्टात अशा व्यवसायक्षेत्रांची नोंद पदार्थांच्याही आधी करण्यात आली.

दुसरा बदल क्षेत्राचा होता. गोड्या पाण्याच्या मर्यादेऐवजी समुद्राचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र कराराखाली आले. त्याला एक अट मात्र राहिली. पाणलोटाचा जो भाग सदस्य राष्ट्रांच्या हद्दीत आहे, तेवढाच मोजला जातो. त्यामुळे नाईल नदी इजिप्तच्या सीमेपासून पुढे कराराच्या कक्षेत येते. सुदान किंवा इथिओपियातील तिचा प्रवाह येत नाही. ऱ्होन नदी स्वित्झर्लंडमध्ये उगम पावते आणि स्वित्झर्लंड या कराराचा सदस्य नाही. नकाशावर हे चमत्कारिक दिसते, परंतु करार त्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांनाच बांधतो.

विषारी, दीर्घकाळ न विघटणारे आणि सजीवांच्या शरीरात साठत जाणारे पदार्थ टप्प्याटप्प्याने बंद करणे याला सुधारित करारात अग्रक्रम देण्यात आला. परवान्यात कोणत्या बाबी तपासाव्यात, उपलब्ध सर्वोत्तम तंत्रज्ञान म्हणजे काय आणि ते कसे ठरवावे, हवेतून समुद्रावर पडणारे प्रदूषण कसे हाताळावे, यासाठी स्वतंत्र परिशिष्टे जोडण्यात आली.

सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र पंधराव्या कलमात आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. या कलमानुसार सदस्य राष्ट्रांच्या बैठकीत दोन तृतीयांश बहुमताने प्रादेशिक योजना आणि त्यांचे कालबद्ध वेळापत्रक संमत करता येते. सचिवालयाने त्याची अधिसूचना पाठविल्यावर १७९ दिवसांत ज्या राष्ट्राने हरकत नोंदविली नाही, त्याच्यावर १८० व्या दिवसापासून ही योजना बंधनकारक ठरते. प्रत्येक नव्या उपायासाठी बावीस संसदांपुढे नवा करार नेण्याची गरज राहत नाही. गप्प राहणे म्हणजे संमती, असा हा नियम आहे. सार्वभौमत्वाविषयी संवेदनशील असलेल्या राष्ट्रांनी तो मान्य केला, ही गोष्ट १९८० मध्ये कल्पनेपलीकडची होती.

बारा वर्षांची प्रतीक्षा

कराराच्या नियमांनुसार कोणतीही सुधारणा तीन चतुर्थांश सदस्यांनी औपचारिकरीत्या स्वीकारल्यानंतरच अमलात येते आणि तीही स्वीकारणाऱ्या राष्ट्रांपुरतीच. स्वीकृतीची कागदपत्रे स्पेनच्या सरकारकडे जमा करावयाची असतात. सिराक्यूजनंतर ही संख्या पूर्ण होण्यास बारा वर्षे लागली. मूळ कराराच्या सुधारणाही ९ जुलै २००४ रोजीच अमलात येऊ शकल्या होत्या.

या मधल्या काळात काम अगदीच थांबले नव्हते. १९९७ मध्ये राष्ट्रांनी जमिनीवरील प्रदूषणाविषयी धोरणात्मक कृती कार्यक्रम स्वीकारला. विषारी पदार्थांबाबत त्याची अंतिम मुदत २०२५ पर्यंत होती. प्रत्येक देशाने आपल्या किनाऱ्यावरील प्रदूषणाच्या प्रमुख ठिकाणांची यादी केली आणि २००५ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडे तयार झाले. परंतु पंधराव्या कलमाचा वापर करणे शक्य नव्हते, कारण ते कलमच अद्याप लागू नव्हते. या बारा वर्षांत झालेले सर्व कार्यक्रम बंधनकारक नव्हते, हे लक्षात घ्यावे लागते.

एका सरोवराचा खटला

करारातील शब्दांना प्रत्यक्षात किती वजन असते, हे फ्रान्समधील एका प्रकरणातून दिसून आले. मार्सेय शहराच्या वायव्येस एतां द बेर नावाचे खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५५ चौरस किलोमीटर असून एका खाडीने ते समुद्राला जोडलेले आहे. ओडिशातील चिल्का सरोवर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याची साधारण कल्पना येईल. १९६६ पासून सरोवराच्या काठी सें-शामा येथे एक जलविद्युत केंद्र सुरू झाले. द्युरांस नदीचे पाणी कालव्याने आणून त्यावर वीज निर्माण करावयाची आणि नंतर ते सरोवरात सोडावयाचे, अशी योजना होती. या पाण्यात विषारी असे काही नव्हते. ते गोडे पाणी होते आणि त्यात गाळ होता. पण त्याचे प्रमाण इतके प्रचंड होते, की सरोवराचा खारटपणा ढासळला, तळाशी गाळ साचला आणि तेथील जीवसृष्टी मोडकळीस आली.

सरोवरातील मासेमारांच्या संघटनेने वीज कंपनी इलेक्त्रिसिते द फ्रान्सविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यांचा आधार फ्रान्सचा कायदा नव्हता. १९८० च्या पूरक करारानुसार अशा विसर्गासाठी परवाना अनिवार्य आहे आणि कंपनीकडे तसा परवाना नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खालच्या न्यायालयांत हा युक्तिवाद टिकला नाही. राष्ट्राराष्ट्रांतील करारावर मासेमारांना बोट ठेवता येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न लक्झेम्बर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे पाठविला.

युरोपीय न्यायालयाने १५ जुलै २००४ रोजी निर्णय दिला. परवान्याची तरतूद स्पष्ट, नेमकी आणि बिनशर्त आहे, त्यामुळे संबंधित व्यक्तीला ती थेट राष्ट्रीय न्यायालयात उपस्थित करता येते, असे त्यात म्हटले होते. सिराक्यूज येथे सुधारलेली तरतूद अमलात आल्यानंतर तिलाही हेच लागू राहील, हेही न्यायालयाने नमूद केले. पाणी आणि गाळ हे प्रदूषक कसे, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या परिशिष्टातच होते. विषारी नसलेले पदार्थसुद्धा सोडलेल्या प्रमाणामुळे घातक ठरू शकतात, असा उल्लेख त्यात आहे. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात फ्रान्स सरकारलाही दोषी ठरविले. सरोवराचे दीर्घकाळ चाललेले प्रदूषण रोखण्यासाठी आवश्यक ती पावले सरकारने उचलली नाहीत, असा ठपका ठेवण्यात आला. त्यानंतर केंद्रातून सोडावयाच्या पाण्यावर आणि गाळावर अधिक कडक मर्यादा घालण्यात आल्या.

या निर्णयाचा लाभ युरोपीय संघाच्या किनाऱ्यापुरता मर्यादित आहे, हेही खरे. ट्युनिशिया किंवा लेबनॉनच्या मासेमाराला लक्झेम्बर्गचा दरवाजा खुला नाही. करारांतर्गत २००८ मध्ये अनुपालन समिती नेमण्यात आली. तिचे स्वरूप मात्र सल्ला आणि साहाय्य देणारे आहे, शिक्षा करणारे नाही.

सुधारित कराराचा वापर

२००८ नंतर पंधराव्या कलमाचा वापर वेगाने सुरू झाला. नोव्हेंबर २००९ मध्ये माराकेश येथील बैठकीत शहरी सांडपाण्यातील सेंद्रिय भार कमी करण्याची, तसेच डीडीटी आणि तत्सम कीटकनाशके बंद करण्याची पहिली बंधनकारक योजना संमत झाली. २०१२ मध्ये पाऱ्याची योजना आली. डिसेंबर २०१३ मध्ये इस्तंबूल येथे सागरी कचऱ्याविषयी प्रादेशिक योजना स्वीकारण्यात आली आणि हरकतीची मुदत संपताच जुलै २०१४ मध्ये ती लागू झाली. प्लॅस्टिकसह सर्व प्रकारच्या सागरी कचऱ्यावर कायदेशीर बंधन घालणारी ही जगातील पहिली प्रादेशिक योजना मानली जाते. तुलनेसाठी सांगावयाचे, तर प्लॅस्टिक प्रदूषणाविषयीच्या जागतिक कराराची बोलणी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे मसुद्यावर एकमत न होताच संपली.

डिसेंबर २०२१ मध्ये अंताल्या येथे शहरी सांडपाण्याची आणि सागरी कचऱ्याची योजना अद्ययावत करण्यात आली आणि सांडपाणी प्रक्रियेतून उरणाऱ्या गाळासाठी नवी योजना आली. डिसेंबर २०२३ मध्ये स्लोव्हेनियातील पोर्तोरोझ येथे शेती, मत्स्यपालन आणि शहरांतून वाहून जाणारे पावसाचे पाणी या तीन विषयांवरील योजना संमत झाल्या. शेतीला बंधनकारक योजनेखाली आणण्यास १९८० पासून ४३ वर्षे लागली, याचे आश्चर्य वाटू नये. कारखान्याच्या नळावर मोजमापाचे यंत्र बसविता येते. हजारो शेतांतून जमिनीखालून झिरपणाऱ्या नायट्रेटला नळ नसतो आणि शेतकऱ्यांवर निर्बंध घालणे कोणत्याही सरकारला अवघड जाते.

ते न केल्यास काय होते, हे स्पेनच्या मार मेनोर या किनारी सरोवराने दाखविले. परिसरातील बागायती शेतीतून येणाऱ्या पोषक द्रव्यांमुळे पाण्यातील प्राणवायू घटला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये हजारो मासे तडफडत किनाऱ्याला लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. सहा लाखांहून अधिक नागरिकांच्या स्वाक्षऱ्यांनंतर स्पेनच्या संसदेने सप्टेंबर २०२२ मध्ये कायदा करून या सरोवराला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. देशाच्या घटनात्मक न्यायालयाने २०२४ मध्ये तो वैध ठरविला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गंगा आणि यमुना यांना असाच दर्जा दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली होती, हे वाचकांना आठवत असेल.

जुने कारखाने, जुनी घाण

नियम अद्ययावत होतात, त्या वेगाने कारखाने बदलत नाहीत. मार्सेयजवळील गार्दान येथील अ‍ॅल्युमिना कारखान्याचा लाल चिखल १९६७ पासून समुद्राखालील एका खोल घळईत सोडला जात होता. किनाऱ्यापासून सुमारे सात किलोमीटर आत, तीनशे मीटरहून अधिक खोलीवर नळाचे तोंड होते. बार्सिलोना करारातील बांधिलकीला अनुसरून फ्रान्सने १९९६ मध्ये २०१५ अखेरची मुदत ठरविली आणि ३१ डिसेंबर २०१५ रोजी चिखल सोडणे थांबले. द्रवरूप सांडपाण्यासाठी मात्र कारखान्याला आणखी काही वर्षांची सवलत देण्यात आली. तोपर्यंत तो भाग राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आला होता.

ट्युनिशियातील गाबेसची स्थिती याहून बिकट आहे. गाबेसचे आखात हे माशांच्या प्रजननाचे महत्त्वाचे क्षेत्र आहे. सागरी गवताची तेथील कुरणे एके काळी प्रसिद्ध होती. १९७२ मध्ये तेथे सरकारी मालकीचा फॉस्फेट प्रक्रिया कारखाना सुरू झाला. खत तयार करताना उरणारे फॉस्फोजिप्सम किनाऱ्यावरून समुद्रात सोडले जाऊ लागले. प्रदूषणाची मुख्य स्थाने कोणती, या प्रश्नाच्या प्रत्येक चर्चेत गाबेसचे नाव येते. २०१७ मध्ये सरकारने प्रदूषण करणारे विभाग टप्प्याटप्प्याने हटविण्याचा निर्णय जाहीर केला. आठ वर्षे उलटली तरी तो अमलात आला नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये वायूमुळे शाळकरी मुलांना श्वसनाचा त्रास झाल्यानंतर हजारो नागरिक रस्त्यावर उतरले आणि २१ ऑक्टोबर रोजी शहराने कडकडीत बंद पाळला.

गाबेसच्या कारखान्यावर अनेक कुटुंबांचा रोजगार आणि देशाचे परकीय चलन अवलंबून आहे. १९८० च्या प्रास्ताविकात नोंदविलेली विकासातील तफावत ती हीच. उत्तर किनाऱ्यावरील युरोपीय संघाच्या सदस्यांना १९९१ पासून शहरी सांडपाण्याविषयीचा स्वतंत्र आणि अधिक कडक कायदा लागू आहे. २०२४ मध्ये तो आणखी कठोर करण्यात आला. त्यांच्यासाठी पूरक कराराच्या सुधारणेने फारसा नवा बोजा आणला नाही. दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर मात्र प्रक्रिया केंद्र उभारणे आणि ते चालविण्यासाठी वीज व कुशल कर्मचारी मिळविणे हाच खरा प्रश्न आहे. करारात तांत्रिक साहाय्याचे कलम आहे. त्यामागे निधीची निश्चित हमी नाही. सुधारित कराराची ही सर्वांत दुबळी बाजू म्हणावी लागेल.

अन्य समुद्र आणि दक्षिण आशिया

भूमध्य समुद्राच्या धर्तीवर इतरत्रही करार झाले. इराणच्या आखातातील राष्ट्रांनी १९९० मध्ये, कॅरिबियन राष्ट्रांनी १९९९ मध्ये अरुबा येथे, तर पश्चिम हिंदी महासागरातील आफ्रिकी राष्ट्रांनी २०१० मध्ये नैरोबी येथे जमिनीवरील प्रदूषणाविषयी पूरक करार केले. काळ्या समुद्राच्या राष्ट्रांनी १९९२ च्या आपल्या पूरक कराराचा सुधारित मसुदा २००९ मध्ये सोफिया येथे स्वीकारला.

भारत, बांगलादेश, मालदीव, पाकिस्तान आणि श्रीलंका यांच्यासाठी दक्षिण आशियाई सागर कृती आराखडा मार्च १९९५ मध्ये नवी दिल्ली येथे स्वीकारण्यात आला. कोलंबो येथील दक्षिण आशिया सहकारी पर्यावरण कार्यक्रम त्याचे सचिवालय म्हणून काम पाहतो. आराखड्याच्या चार अग्रक्रमांपैकी एक जमिनीवरील कृतींचे सागरी पर्यावरणावरील परिणाम हा आहे. भूमध्य समुद्रातही १९७५ मध्ये प्रथम असाच आराखडा झाला होता आणि पुढच्याच वर्षी त्याला बंधनकारक कराराची जोड मिळाली. दक्षिण आशियात तशी जोड मिळालेली नाही. त्यामुळे मुंबईत वरळी आणि वांद्रे येथील नळांतून अरबी समुद्रात जाणारे सांडपाणी असो किंवा गंगेच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागरात येणारे, त्याचे नियमन १९७४ च्या भारतीय जल प्रदूषण कायद्याखाली राज्यांची प्रदूषण नियंत्रण मंडळे देत असलेल्या संमतीपत्रांतूनच होते.